जुनी फळझाडे तोडणे आणि बुडखे काढणे: आधी बुडख्याचं ठरवा, मग करवत लावा

प्रश्न थोडक्यात असा: विलेपार्ले पूर्वेला चार मजली सोसायटी आहे. आवारात जुन्या बंगल्याच्या काळातली पाच झाडं उरली आहेत. एक झुकलेला, अर्धा वाळलेला आंबा, एक फणस, एक जांभूळ आणि दोन उंच माड. कमिटीला ती काढून तिथे पार्किंग करायचं आहे. कुणी म्हणतं अ‍ॅसिड ओता, कुणी म्हणतं हिंग भरा, आणि तोडणारा ठेकेदार सांगतो, "झाड आम्ही पाडू, बुडख्याचं नंतर बघू."

हे "नंतर बघू" सगळ्यात महागात पडतं. झाड जमिनीलगत कापून टाकलं की बुडखा हलवायला हाताशी काहीच उरत नाही. चार-पाच फूट खोड उभं ठेवलं असेल तर त्यालाच दोर बांधून मुळं हलवता येतात, आणि तेच तरफेचं काम करतं. उलट बुडखा मशीनने खरवडायचा असेल, तर खोड जमिनीलगतच कापलेलं हवं. म्हणून प्रत्येक झाडाचा बुडखा उपटायचा, खरवडायचा की कुजू द्यायचा, हे पहिला घाव घालण्याआधी ठरवा आणि ठेक्याच्या कागदावर झाडागणिक लिहून घ्या.

त्याआधी पाचही झाडं तोडायलाच हवीत का, तेही तपासा. वरच्या फांद्या वाळलेल्या दिसल्या म्हणून आंबा मेला असं होत नाही. आंब्यात खोडकिडा शिरला की सालीला भोकं पडतात, भुसा बाहेर येतो आणि डिंक पाझरतो. पोखरलेल्या वाटा खोडाच्या वरच्या भागात असतील, तर रोगट फांद्या काढून झाड वाचतं. बांडगूळही नुसतं ओढून काढून भागत नाही, ते धरलेल्या फांदीचा तुकडा त्याच्यासकट काढावा लागतो. कोकणात जुन्या आंब्यांचं पुनरुज्जीवन फांद्या छाटूनच करतात, आणि चांगल्या खोडाला धुमारे जोमाने फुटतात. खोड लाकडी हातोड्याने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर उत्तम. ढब्ब असा पोकळ आवाज आला तर बारीक सळई आत कुठवर जाते ते बघा. बुंध्याशी छत्रीसारखी कडक अळंबी उगवलेली असेल, किंवा झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडली असेल, तर मुळंच गेली आहेत असं समजा. असं झाड खरंच धोकादायक, आणि त्यावर माणूस चढवायचाही नाही. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवल्याने गुदमरलेलं झाड मात्र नुसतं रोगट दिसतं. सभोवार मीटरभर माती मोकळी करून एक पावसाळा थांबलात तर पुष्कळदा उत्तर मिळतं.

परवानगीला फाटा देता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मुंबईत लागू आहे. सोसायटीच्या आवारातलं, तुम्ही स्वतः लावलेलं, फळ देणारं झाडही त्यात येतं. झाड तोडण्यात ते जाळणं आणि त्याला इजा करणंही धरलं आहे, त्यामुळे "आपोआप वाळलं" म्हणून सुटका होत नाही. छाटणीलाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज गणलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. पार्ल्यातल्या जुन्या बंगल्याचा आंबा सहज पन्नाशीपुढचा असतो, तेव्हा वयाचा मुद्दा गंमत म्हणून घेऊ नका.

अर्ज वॉर्ड कार्यालयाच्या उद्यान विभागाकडे जातो, तुमच्यासाठी के-पूर्व. सोसायटीचा ठराव, मालकीचा कागद, प्रत्येक झाडाचे चारही बाजूंनी फोटो, छातीच्या उंचीवरचा घेर (साधारण १.३७ मीटरवर), आणि कारण. "पार्किंग हवी" आणि "झाड मृत किंवा धोकादायक आहे" ही दोन वेगळी कारणं आहेत. ती एका अर्जात कालवलीत की पाहणीला आलेला अधिकारी दोन्हींकडे संशयाने बघतो. मृत झाडांचा अर्ज वेगळा करा. झाडावर नोटीस लागते, हरकती येतात, त्यात वेळ जातो. परवानगीचं पत्र हातात पडल्याशिवाय ठेकेदाराला तारीख देऊ नका, आणि कामाच्या दिवशी त्याची प्रत गेटवरच ठेवा, कारण करवतीचा आवाज आला की कुणीतरी पोलिसांना फोन करतोच. झाड किंवा मोठी फांदी कोसळून लगेच धोका असेल तर महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाचा १९१६ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावा.

हिंग, पारा, अ‍ॅसिड भोकात भरून झाड मारायचा उद्योग मुंबईत बराच चालतो. कायदेशीर बाजू सोडा, तांत्रिकदृष्ट्याही तो मूर्खपणा आहे. उभं वाळलेलं झाड ठिसूळ होतं, त्याच्या फांद्या सूचना न देता तुटतात, आणि त्यावर चढायला कुणी भला माणूस तयार होत नाही. पारा तर मातीत राहतो तो राहतोच.

हंगामाचं गणित सोपं आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या, निसरड्या खोडावर चढायचं नाही. झाड पाडायला डिसेंबर ते मार्च चांगला. बुडखा हाताने खणायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात सोयीचा, जमीन ओल धरून असते आणि पहार आत जाते. एप्रिल-मेमध्ये तोच मुरूम दगडासारखा होतो. त्या दिवसांत कावळ्यांची घरटीही असतात. अंडी-पिल्लं असलेलं घरटं दिसलं तर काम पुढे ढकला. वर जाण्याआधी दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या झूमने मोहोळ, गांधीलमाशीचं पोळं आणि ओंबीलची (तांबड्या मुंग्यांची) पानांची घरटी शोधा. चढलेल्या माणसाच्या अंगावर ओंबील धावली की तो हात सोडतो. ढोलीत धामण असणं तर नेहमीचं.

आता वायरी. ओव्हरहेड वायर किंवा सर्व्हिस लाइन झाडापासून तीन मीटरच्या आत असेल तर वीज कंपनीला लेखी कळवून पुरवठा बंद करून घ्या. पार्ल्याला ती अदानी इलेक्ट्रिसिटी, शहर भागात बेस्ट. ओली फांदी वीज वाहते. केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी आधीच सोडवून बाजूला बांधाव्यात, नाहीतर एक फांदी अख्ख्या गल्लीचं नेट घेऊन खाली येते.

सोसायटीच्या आवारात अख्खं झाड एका दिशेला पाडायला जागा नसते. झाडाच्या उंचीच्या दीडपट मोकळी जागा नसेल तर तो विचारच सोडा. वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी उतरवावं लागतं. वजनाचा अंदाज आधी घ्या: ४० सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा आंब्याचा ओला ओंडका १०० ते १२५ किलो भरतो. ६० सेंटिमीटरचा तोच तुकडा अडीचशेच्या घरात जातो. "दोन पोरं धरतील" असं ठेकेदार म्हणाला तर त्याला हा आकडा सांगा.

फांदी तीन कापांत काढतात. खोडापासून साधारण एक फूट अंतरावर खालून पाव ते एक-तृतीयांश जाडीपर्यंत पहिला काप. त्याच्या पुढे दोन-तीन इंचांवर वरून दुसरा, म्हणजे फांदी साल न सोलता तुटते. उरलेलं थोटूक खोडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून तिसऱ्या कापाने. झाड सगळंच काढायचं असेल तर तिसरा काप नको, पण पहिले दोन हवेतच, कारण नुसता वरून कापला की फांदी लोंबकळते आणि खालची साल ओढत चढलेल्या माणसाकडे झोकावते. जड फांदी आधी दोराने बांधायची: दोर वरच्या मजबूत बेचक्यातून किंवा पुलीतून घेऊन खाली दुसऱ्या खोडाला दोन-तीन वेढे द्यायचे आणि शेपूट माणसाच्या हातात. वेढ्यांच्या घर्षणामुळे एक माणूस दीडशे किलो सावकाश सोडू शकतो. दोर मनगटाला कधीच गुंडाळायचा नाही. आणि लक्षात ठेवा, वरच्या बेचक्यावर फांदीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, फांदी मध्येच थांबून हिसका बसला तर त्याहून जास्त. म्हणून ठोकून पोकळ वाटलेल्या खोडावर वरचा दोर अडकवायचाच नाही. तिथे क्रेन किंवा बकेट लिफ्ट आणावी लागते, आणि तिच्यासाठी गेट, रॅम्प, खालची पाण्याची टाकी यांचा भार आधी बघावा लागतो. भूमिगत टाकीच्या झाकणावर क्रेनचा पाय ठेवून स्लॅब फोडलेल्या सोसायट्या कमी नाहीत.

शेवटी उरलेलं दहा-बारा फुटांचं सरळ खोड मात्र दिशा देऊन पाडता येतं. पडायच्या बाजूला खाच घ्यायची, खोली जाडीच्या पाव भागाइतकी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा एक ते दोन इंच वर. मध्ये जाडीच्या दहा टक्के लाकूड बिजागरीसारखं शिल्लक ठेवायचं. तेच खोडाला वळवतं आणि घसरू देत नाही. ६० सेंटिमीटरच्या खोडात ती सहा सेंटिमीटर. ही पट्टी पूर्ण कापली की खोड कुठेही पडतं. खूप झुकलेल्या खोडात खाच घेऊन मागून कापायला गेलं की ते उभं चिरतं आणि मागचा भाग वर फेकला जातो. तुमच्या आंब्याला हाच धोका आहे, म्हणून तो शेवटपर्यंत लहान तुकड्यांनीच उतरवा. करवत चालवणाऱ्याची पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरकी, आधीच मोकळी केलेली हवी. चेनसॉच्या (साखळी करवतीच्या) टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की करवत उसळून तोंडाकडे येते. शिडीवरून चेनसॉ चालवणारा दिसला तर काम थांबवा.

प्रत्येक झाडाची आपापली खोड आहे. आंब्याचा चीक अंग भाजतो, तो बिब्ब्याच्या कुळातला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल, हाताला खोबरेल तेल, आणि लागला तर लगेच साबणाने धुणं. फणसाचा चीक साखळीच्या दातांत जाऊन बसतो. दर थोड्या वेळाने केरोसीनच्या फडक्याने पुसली नाही तर साखळी जाम होऊन करवतीची पट्टी तापते. जांभळाची फांदी हिरवीगार दिसूनही काडकन मोडते. तिच्यावर भार देऊन उभं राहायचं नाही, सेफ्टी बेल्ट मुख्य खोडालाच. फणसाचं खोड मोकळ्या बाजारात किंमत धरतं, आणि जांभळाचं लाकूड पाण्यात इतकं टिकतं की विहिरींच्या तळाला वापरत. तेव्हा ही दोन ओंडके करून "भंगारात" सोडण्याआधी लाकूड कुणाचं, हे ठरावात लिहा. परवानगी पत्रात विल्हेवाटीच्या अटी असतील तर त्या आधी.

माडाचं काम वेगळं, ते पाडेल्याचं, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचं. आधी नारळ आणि झावळ्या उतरवायच्या, मग शेंडा, मग तीन-चार फुटांचे तुकडे. माडाच्या खोडाला बाहेरची कड कठीण आणि गाभा मऊ असतो, त्यामुळे बिजागरी भरवशाने चालत नाही आणि पाचर गाभ्यात रुतते. त्यातल्या सिलिकामुळे (वाळूसारख्या कणांमुळे) साखळी लवकर बोथट होते. दर माडाला एक धार लावलेली जादा साखळी ठेवा. कापलेले तुकडे आवारात कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि शेजारच्या सोसायटीचे माड खातो.

आता बुडखे, म्हणजे खरा प्रश्न.

माड सोपा. त्याला सोटमूळ नसतं आणि कापल्यावर तो पुन्हा फुटत नाही, कारण कोंब शेंड्याला एकच. बुंध्याभोवती दोन फूट खोल चर खणून तंतुमुळं कुऱ्हाडीने तोडली की बुडखा गड्ड्यासारखा सुटतो. ग्राइंडर (बुडखा खरवडायचं मशीन) मात्र माडाला लावू नका, तंतू चाकाला गुंडाळतात.

आंबा, फणस, जांभूळ यांच्यासाठी जागा बघून ठरवा. इमारतीपासून, कंपाउंड वॉलपासून किंवा ड्रेनेज चेंबरपासून दोन मीटरच्या आत असलेला बुडखा उपटायचा नाही. जुन्या पार्ल्यातल्या ड्रेनेजच्या पाइपांच्या सांध्यांत मुळं शिरलेली असतात. बुडखा ओढला की मूळ पाइप घेऊनच येतं, आणि पावसात कळतं. अशा ठिकाणी ग्राइंडर: खोड जमिनीलगत कापून बुडखा आठ ते बारा इंच खाली खरवडायचा, बाजूची मुळं भिंतीच्या कडेशी हातकरवतीने कापून तशीच सोडायची. ग्राइंडर लावण्याआधी माती धुऊन दगड, खिळे, जुन्या तारा काढा. जुन्या आंब्याच्या खोडात कपडे वाळत घालायच्या तारेचे हूक हमखास आत गेलेले असतात, आणि एक हूक दात तोडतो.

मोकळ्या जागेतला बुडखा उपटता येतो. खोड चार फूट ठेवा. आधी वीज, पाणी आणि महानगर गॅसच्या लाइन कुठून जातात ते त्या त्या कंपनीकडून जागेवर दाखवून घ्या. पिवळा पाइप दिसला की पहार बंद, पुढे हाताने. बुंध्यापासून अडीच-तीन फुटांवर गोल चर, तीन फूट खोल. माती पाण्याच्या पाइपने धुतली की मुळं दिसतात आणि कुऱ्हाडीची धार दगडावर जात नाही. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढा, एका ठिकाणी कापलं तर टोकं एकमेकांत अडकून राहतात. मुंबईत खडक किंवा भराव वरच्यावर असल्याने सोटमूळ पुष्कळदा खाली न जाता आडवं वळतं. एका बाजूने बुडखा हलेना तर आणखी जोर लावण्याऐवजी त्या बाजूखाली खणा. मग तीन टनाची चेन पुली. ती कंपाउंड वॉलला, इमारतीच्या कॉलमला किंवा उरलेल्या जिवंत झाडाला बांधू नका. दुसऱ्या झाडाचा अजून न काढलेला बुडखा हा सर्वात चांगला आधार, म्हणून बुडख्यांचा क्रम आधी आखा. ताणलेल्या वायर रोपवर ओलं गोणपाट टाका आणि रेषेत कुणाला उभं करू नका. जेसीबी आत येत असेल तर काम तासांत होतं, पण त्याला जवळजवळ अडीच मीटरचं गेट आणि वर मोकळी जागा लागते. नसेल तर मीटरभर रुंदीचा मिनी एक्स्कॅव्हेटर बघा.

कुजवण्याचा मार्ग स्वस्त, पण पार्किंगला निरुपयोगी. एक इंची भोकं, आठ-दहा इंच खोल, तीन-चार इंचांवर एक, त्यात युरिया आणि शेणाचा काला, वर ओलं गोणपाट आणि माती. युरियापेक्षा ओलावा जास्त काम करतो. आंबा दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होतो, फणस आणि जांभळाचा गाभा वर्षानुवर्षं हटत नाही. इमारतीजवळ हा मार्ग नकोच, कुजता बुडखा म्हणजे वाळवीला आमंत्रण.

धुमारे रोखायला ग्लायफोसेट हे तणनाशक लावायचं तर ते कापल्यानंतर काही मिनिटांत, सालीच्या आतल्या ताज्या कड्याला लावायचं. मधल्या गाभ्याला लावून काही होत नाही. त्याचा वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्राने २०२२ मध्ये काढली, तेव्हा कमिटीतल्या कुणी डबा आणून ओतू नये. शेजारी जिवंत आंबा असेल तर अजिबात नको, मुळं एकमेकांना जोडलेली असू शकतात. मीठ ओतलं तर क्लोराइड पायाच्या सळयांपर्यंत जाऊन गंज धरतो. केरोसीन टाकून जाळलं तर मूळ जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसतं. अ‍ॅसिडने बुडखा वरून काळा पडतो, इतकंच.

सगळ्यात जास्त कंजूषपणा खड्डा भरताना होतो आणि पार्किंग तिथेच खचतं. ग्राइंडरचा भुसा आणि मुळांचे तुकडे खड्ड्यात परत टाकू नका, ते कुजले की वरचे ब्लॉक बसतात. चार फूट व्यासाचा, तीन फूट खोल खड्डा म्हणजे साधारण एक घनमीटर. दाबल्यावर होणारी घट धरून अर्धा ब्रास (५० घनफूट) मुरूम मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस (माती ठोकून दाबायचं जड अवजार). शक्य असेल तर एक पावसाळा तसाच सोडून मग ब्लॉक बसवा. नाहीतर ब्लॉकखाली सिमेंट न लावता नुसती वाळू ठेवा, म्हणजे खचलेला भाग उचलून पुन्हा भरता येतो.

ठेकेदाराशी बोलताना तीन कागद मागा: कामगारांचा विमा, परवानगी पत्रात दिलेल्या झाडांच्या क्रमांकांशी जुळणारी यादी, आणि ओंडके, फांद्या व बुडखे कुठे जाणार याची लेखी नोंद. पूर्ण रक्कम बुडखा उचलून नेल्यावर आणि खड्डा भरल्यावरच द्या. बदल्यात लावायची झाडं बुडख्याच्या जुन्या जागी लावू नका. मुळांची बुरशी आणि कुजकं लाकूड तिथेच असतं, किमान पाच-सहा फूट बाजूला सरका आणि बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा.